३१ डिसेंबर आणि इतिहासाचार्य राजवाडे

वर्षाचा शेवटचा दिवस मराठ्यांच्या इतिहासात तीन वेगवेगळ्या कारणांनी नोंदला गेला आहे. ३१ डिसेंबर १६०० रोजी इंग्लंडच्या राणी एलिझाबेथने लंडनच्या व्यापाऱ्यांना पूर्वेकडील व्यापाराची सनद दिली आणि ईस्ट इंडिया कंपनी अस्तित्वात आली. पुढे बरोबर दोनशे दोन वर्षांनी, ३१ डिसेंबर १८०२ रोजी, याच कंपनीशी दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह केला. यशवंतराव होळकरांच्या फौजेने हडपसरजवळ पराभव केल्यानंतर पुणे सोडून पळालेल्या पेशव्याने कंपनीची तैनाती फौज पदरी घेतली. त्या फौजेच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख तोडून दिला आणि मराठी राज्याच्या स्वातंत्र्यावर पाणी सोडले. तिसरी घटना ३१ डिसेंबर १९२६ ची. हे राज्य का उभे राहिले आणि का बुडाले, या एकाच प्रश्नाचा आयुष्यभर पाठपुरावा करणारे इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी त्या दिवशी धुळे येथे अखेरचा श्वास घेतला.

तारखांचा हा मेळ योगायोगाचा असला, तरी राजवाड्यांच्या आयुष्याचे मर्म सांगण्यास तो पुरेसा आहे. पुण्याच्या सदाशिव पेठेत भरत नाट्य मंदिराच्या शेजारी उभी असलेली भारत इतिहास संशोधक मंडळाची वास्तू हे त्यांच्या कार्याचे सर्वांत ठळक स्मारक होय. पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावाने ही पेठ वसली, आणि राजवाड्यांच्या संशोधनाचा आरंभही पानिपतच्या पत्रांपासूनच झाला. ३१ डिसेंबर २०२६ हा त्यांच्या निधनाच्या शताब्दीचा दिवस ठरतो.

वरसई ते डेक्कन कॉलेज

राजवाड्यांचा जन्म १८६३ मधला, कुलाबा म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील वरसई या गावचा. लहानपणीच वडिलांचे छत्र हरपले आणि पुढचा सांभाळ नातलगांच्या घरी झाला. त्यांचे बंधू वैजनाथ काशिनाथ राजवाडे हे निरुक्ताचे व्यासंगी अभ्यासक म्हणून पुढे नावारूपाला आले. दोघांच्या नावांत साम्य असल्याने ग्रंथालयांच्या याद्यांत आजही कधीकधी गफलत होते.

विश्वनाथरावांचे शिक्षण रखडत, थांबत, पुन्हा सुरू होत पार पडले. डेक्कन कॉलेजातून ते बी. ए. झाले तेव्हा तिशीच्या जवळ पोहोचले होते. नेमलेली पुस्तके वाचून परीक्षा देणे त्यांना फारसे मानवले नाही. वर्गाबाहेर मात्र इतिहास, तत्त्वज्ञान, वनस्पतिशास्त्र, व्याकरण असे हाती लागेल ते त्यांनी अधाशासारखे वाचले. शाळा-महाविद्यालयांतील स्वतःच्या अनुभवांवर त्यांनी पुढे एक दीर्घ लेख लिहिला. इंग्रजी अमदानीतील शिक्षण मुलांची बुद्धी कशी बोथट करते, याची ती कठोर झाडाझडती होती. काही काळ त्यांनी पुण्यात शिक्षकी केली, पण नोकरीत त्यांचा जीव रमला नाही. पत्नीचे अकाली निधन झाल्यावर त्यांनी दुसरा विवाह केला नाही. संसाराचा पाश असा तुटल्यावर उरलेली तीस-पस्तीस वर्षे त्यांनी एकाच कामाला वाहिली.

त्या कामाच्या आधी एक प्रयोग झाला. जगातील उत्तमोत्तम ग्रंथ मराठीत आणावेत, या हेतूने त्यांनी 'भाषांतर' नावाचे मासिक चालवले आणि प्लेटोच्या 'रिपब्लिक'चे मराठी रूपांतर सिद्ध केले. मासिक फार वर्षे टिकले नाही. परंतु ज्ञान मराठीतून मिळाले पाहिजे आणि मराठीतूनच मांडले पाहिजे, हा त्यामागचा आग्रह शेवटपर्यंत कायम राहिला. इंग्रजी उत्तम येत असूनही राजवाड्यांनी आपले संशोधन मराठीतच लिहिले. त्यामुळे महाराष्ट्राबाहेर त्यांचे नाव फारसे पोहोचले नाही. ही किंमत त्यांनी जाणूनबुजून मोजली.

रद्दीतले राज्य

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मराठ्यांचा इतिहास म्हणजे ग्रँट डफचा ग्रंथ, अशी समजूत सुशिक्षितांत रूढ होती. हा ग्रंथ १८२६ मध्ये प्रसिद्ध झाला. राज्य जिंकणाऱ्या सत्तेच्या अधिकाऱ्याने जिंकलेल्यांचा लिहिलेला तो इतिहास होता. नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी त्यातील उणिवा दाखवल्या होत्या. काशिनाथ नारायण साने यांच्या 'काव्येतिहाससंग्रहा'ने बखरी आणि पत्रे छापण्याची वाट घालून दिली होती. मिरजेस वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांचे दप्तर उलगडण्यास घेतले होते. तरीही अस्सल कागदांचा फार मोठा साठा अद्याप कोणी पाहिलाच नव्हता.

पेशवाईचे सरकारी दप्तर पुण्यातच होते, पण ते इंग्रज सरकारच्या कुलपात. खासगी अभ्यासकाला तेथे शिरकाव मिळणे दुरापास्त होते. राजवाड्यांनी तो नाद सोडून दिला आणि दुसरा मार्ग धरला. राज्य चालवणारी माणसे म्हणजे सरदार, मुत्सद्दी, कारकून, सावकार, देशमुख, कुलकर्णी, मठपती. त्यांच्या वंशजांच्या घरी, माळ्यांवर, तळघरांत आणि देवघरांच्या कोनाड्यांत मोडी कागदांचे रुमाल पडून होते. काही वाळवीने खाल्ले होते, काही वाण्याच्या पुड्यांसाठी विकले जात होते. इंग्रज सरकार जुन्या कागदांवरून वतने काढून घेईल, या भीतीने काही घरांत ते दडवले गेले होते. हे कागद नष्ट होण्याआधी गाठणे आणि छापणे हे राजवाड्यांनी आपले जीवितकार्य ठरवले.

वाईस मिळालेल्या पत्रांपासून याला सुरुवात झाली. १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड निघाला. १७५० ते १७६१ या काळातील, म्हणजे पानिपतपर्यंतची, पत्रे त्यात आहेत. त्याला जोडलेल्या विस्तृत प्रस्तावनेत राजवाड्यांनी पानिपतच्या मोहिमेची तारीखवार मांडणी केली आणि ग्रँट डफच्या कथनातील चुका कागदांच्या आधारे दाखवून दिल्या. पराभवाची जबाबदारी त्यांनी मल्हारराव होळकर आणि गोविंदपंत बुंदेले यांच्यावर टाकली. ती पुढच्या अभ्यासकांनी जशीच्या तशी मान्य केली नाही. मात्र मराठी इतिहासावरचा वाद मराठी कागदांच्या आधारे लढवायचा, हा पायंडा त्या प्रस्तावनेने पाडला. या मालेचे एकंदर २२ खंड प्रसिद्ध झाले. कोल्हापुरात विष्णु गोविंद विजापूरकर यांनी चालवलेल्या 'ग्रंथमाले'सारख्या नियतकालिकांचा या कामाला मोठा आधार मिळाला. सरकारी अनुदान नव्हते आणि विद्यापीठाचे पाठबळही नव्हते.

कागद वाचण्याची विद्या

जुना कागद सापडला म्हणजे इतिहास सापडला, असे होत नाही. पेशवेकालीन पत्रांची अडचण विशेष आहे. बहुतेक पत्रांत तारीख असते ती मुसलमानी महिन्याची, चंद्राच्या गणनेने, आणि वर्षाचा उल्लेख अनेकदा नसतोच. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला साल ठाऊक होते, मग ते घालायचे कशाला, असा साधा व्यवहार त्यामागे होता. अशा पत्राचे साल ठरवायचे तर मजकुरातील माणसे, मोहिमा, लग्नकार्ये, मृत्यू, पाऊसपाणी यांचे धागे इतर पत्रांशी जुळवावे लागतात. एका चुकीच्या सालाने सारी हकिगत उलटीपालटी होते. राजवाड्यांनी हे काम शेकडो पत्रांच्या बाबतीत केले. मोडीचे वळण, कागदाचा पोत, मायन्यातील शिष्टाचार, शिक्के-मोर्तब यांवरून अस्सल कोणते आणि बनावट कोणते, हे पारखण्याची शिस्त त्यांनी मराठी अभ्यासकांना लावली.

कागदांतून केवळ लढाया काढाव्यात, हे त्यांना मान्य नव्हते. ऑग्युस्त कोंत या फ्रेंच विचारवंताच्या वाचनाचा त्यांच्यावर प्रभाव होता. माणसाच्या गतकाळातील सर्व व्यवहारांचा मेळ घातल्याशिवाय इतिहास पुरा होत नाही, अशी त्यांची धारणा होती. म्हणूनच शेतसारा, वतने, जाती, ग्रामनामे, आडनावे, लग्नविधी, व्याकरण हे सारे त्यांच्या अभ्यासाच्या कक्षेत आले. मालेच्या आठव्या खंडाच्या प्रस्तावनेत त्यांनी सतराव्या आणि अठराव्या शतकांतील पत्रांतले फारसी शब्द मोजले. सतराव्या शतकाच्या आरंभीचे राजकारणी मराठी पत्र बहुतांशी फारसी शब्दांनी भरलेले होते, आणि शंभर वर्षांत हे प्रमाण झपाट्याने घटले. राज्य बदलले की भाषा कशी बदलते, याचा हा पुरावा त्यांनी निव्वळ मोजदादीतून उभा केला. आकडेमोडीने भाषेचा इतिहास सांगण्याचा हा मराठीतील फार आरंभीचा प्रयत्न होता.

१९०९ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची आवृत्ती काढली. बीड परिसरात मिळालेली पोथी एकनाथपूर्व असल्याचा निर्वाळा त्यांनी दिला आणि तिच्या आधारे ज्ञानेश्वरकालीन मराठीचे व्याकरण रचले. पोथीच्या प्राचीनतेविषयी विद्वानांत मतभेद झाले. तरीही ज्ञानेश्वरीच्या संहितेची चर्चा राजवाडे प्रतीला वगळून पुढे जाऊ शकली नाही. शहाजीराजांच्या बंगळुरातील दरबाराचे चित्र रंगवणारा, जयराम पिंड्ये याचा 'राधामाधवविलासचंपू' त्यांनी १९२२ मध्ये छापला. उत्तर कोकणच्या वसाहतींची माहिती देणारी 'महिकावतीची बखर' १९२४ मध्ये निघाली. या दोन्ही ग्रंथांच्या प्रस्तावना मूळ मजकुराइतक्याच गाजल्या. चंपूच्या प्रस्तावनेने तोवर दुय्यम स्थानी राहिलेल्या शहाजीराजांकडे पाहण्याची दृष्टी बदलली.

सदाशिव पेठेतील मंडळ

एकट्याने गावोगाव हिंडून किती कागद गोळा होणार, या जाणिवेतून संस्थेची कल्पना पुढे आली. ७ जुलै १९१० रोजी राजवाडे आणि सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. मेहेंदळे घराणे पेशवाईतील नामांकित. याच घराण्यातील बळवंतराव मेहेंदळे डिसेंबर १७६० मध्ये पानिपतच्या छावणीसमोरील चकमकीत कामी आले होते, आणि त्यांचे पुत्र अप्पा बळवंत यांच्या नावाचा चौक पुण्यात आजही पुस्तकांच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध आहे. सरदार घराण्याचा वारस आणि अंगावरच्या कपड्यांखेरीज जवळ फारसे काही न बाळगणारा फकिरी वृत्तीचा संशोधक यांनी मिळून ही संस्था उभी केली.

संस्थेच्या नावात महाराष्ट्राऐवजी भारत हा शब्द घालण्यात राजवाड्यांची महत्त्वाकांक्षा दिसते. सभासदांनी जमून आपापल्या शोधांची टिपणे वाचायची, त्यांवर चर्चा करायची आणि ती छापायची, असा मंडळाचा शिरस्ता पडला. सभासद विद्यापीठाचा पदवीधर असलाच पाहिजे, असा नियम नव्हता. शाळामास्तर, वकील, भिक्षुक, इनामदार यांनी आपल्या गावचे कागद आणून मंडळापुढे ठेवले. दत्तो वामन पोतदार, दत्तात्रय विष्णु आपटे, गणेश हरि खरे, शंकर नारायण जोशी, त्र्यंबक शंकर शेजवलकर अशा अभ्यासकांच्या पुढच्या पिढ्या या वातावरणात वाढल्या. सदाशिव पेठेतील मंडळाच्या वास्तूत लाखो कागद, हजारो हस्तलिखिते, नाणी, ताम्रपट आणि चित्रे जमा झाली. मोडी वाचू इच्छिणाऱ्याला पुण्यात पहिला पत्ता सांगितला जातो तो याच ठिकाणाचा.

राजवाडे स्वतः मात्र कोणत्याही संस्थेच्या चौकटीत फार काळ बसणारे नव्हते. स्वभाव अत्यंत तापट, मते टोकाची आणि शब्द धारदार. पैशाचा लोभ नाही, मानाची हौस नाही, पण विरोधही सहन होत नाही, अशी त्यांची वृत्ती होती. स्वतःच्या हाताने स्वयंपाक करायचा, देवळात किंवा धर्मशाळेत पथारी टाकायची, मैलोगणती पायी चालायचे आणि कागद दाखवण्यास तयार नसलेल्या घरमालकाच्या दारी पुन्हा पुन्हा जायचे, हा त्यांचा जीवनक्रम होता.

मतभेदांचे धनी

राजवाड्यांचे चरित्र केवळ गौरवाने सांगता येत नाही. कागद जमवणारे राजवाडे आणि कागदांवरून निष्कर्ष काढणारे राजवाडे यांच्यात बरेच अंतर आहे, हे त्यांच्या हयातीतच समकालीनांनी दाखवून दिले होते. चातुर्वर्ण्यावरील श्रद्धा आणि ब्राह्मणांच्या कर्तृत्वाविषयीचा अभिमान यांचा रंग त्यांच्या लेखनाला वारंवार चढला. मंडळाच्या इतिवृत्तात त्यांनी चांद्रसेनीय कायस्थ प्रभू समाजाविषयी केलेल्या विधानांनी मोठे वादळ उठले. प्रबोधनकार ठाकरे यांनी १९१८ मध्ये 'कोदंडाचा टणत्कार' हा ग्रंथ लिहून त्यांना खणखणीत उत्तर दिले. उत्तर देतानाही कागदपत्रांचाच आधार घेतला गेला, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे. पुराव्याचा जो दंडक राजवाड्यांनी घालून दिला, त्यावरच त्यांना तपासले गेले.

संतांविषयीची त्यांची भूमिकाही अशीच वादग्रस्त ठरली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १९०० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात संतांच्या चळवळीने स्वराज्याची भूमी तयार केली, असे प्रतिपादन केले होते. राजवाड्यांना ते पटले नाही. भक्तिमार्गाने समाज निवृत्तीकडे झुकला, आणि त्याला कर्तव्याकडे वळवले ते समर्थ रामदासांनी, असा त्यांचा पक्ष होता. युरोपात विज्ञान आणि यंत्रविद्या वाढत असताना आपल्याकडे तशी जिज्ञासा का निर्माण झाली नाही, हा त्यामागचा त्यांचा खरा प्रश्न होता. उत्तर एकांगी असले, तरी प्रश्न मोलाचा होता.

सनातन्यांचा कैवारी म्हणून त्यांना ओळखावे, तर तेही सरळ जमत नाही. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी वैदिक वाङ्मय आणि महाभारत यांच्या आधारे भारतीय विवाहसंस्थेचा इतिहास लिहिण्यास घेतला. विवाहाचे बंधन अनादी नसून ते समाजाच्या अवस्थांबरोबर घडत गेले, आणि प्राचीन काळी स्त्री-पुरुष संबंध आजच्या नीतिकल्पनांना धक्का देतील असे होते, हे त्यांनी निर्भीडपणे मांडले. हे निबंध प्रसिद्ध होऊ लागताच पुण्यातील सनातनी मंडळी संतापली. त्यांच्या जात्यभिमानावर टीका करणाऱ्या डाव्या विचारवंतांना हाच ग्रंथ पुढे मोलाचा वाटला, आणि कॉम्रेड श्रीपाद अमृत डांगे यांनी त्याची विशेष दखल घेतली. आपल्याच वर्गाला न रुचणारा पुरावा त्यांनी दडवून ठेवला नाही, एवढे त्यांच्या बाजूने म्हणता येते.

धुळ्याचा मुक्काम

अखेरच्या वर्षांत राजवाड्यांचे वास्तव्य धुळ्यास होते. समर्थ वाङ्मयाचे संशोधक शंकर श्रीकृष्ण देव आणि इतिहासप्रेमी भास्कर वामन भट यांच्यामुळे हे गाव अभ्यासकांचे केंद्र बनले होते. तेथे त्यांनी शब्दांच्या मुळांकडे लक्ष वळवले. मराठी धातू आणि नामे यांच्या व्युत्पत्तीचे प्रचंड टिपण त्यांनी तयार केले. त्यातून सिद्ध झालेले धातुकोश आणि नामादिशब्दव्युत्पत्तिकोश त्यांच्या पश्चात छापले गेले. अनेक व्युत्पत्ती ओढूनताणून संस्कृतशी जोडल्या आहेत, असा भाषाशास्त्रज्ञांचा आक्षेप आहे. मात्र बोलीभाषेतील हजारो शब्द एका माणसाने टिपून ठेवले, ही गोष्ट उरतेच.

३१ डिसेंबर १९२६ रोजी वयाच्या ६३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. ग्रँट डफचा ग्रंथ निघून त्या वर्षी शंभर वर्षे पूर्ण होत होती. मागे घर नव्हते, संपत्ती नव्हती. होती ती कागदांची गाठोडी आणि अपुरी टिपणे. ती विखुरली असती, तर आयुष्यभर ज्या नाशाविरुद्ध ते झगडले, तोच त्यांच्या दप्तराच्या वाट्याला आला असता. धुळ्याच्या स्नेह्यांनी १९२७ मध्ये त्यांच्या नावाने संशोधन मंडळ स्थापून हा ठेवा सांभाळला. त्या मंडळाने 'संशोधक' हे त्रैमासिक चालवले, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस मु. ब. शहा यांच्या संपादनाखाली राजवाड्यांचे समग्र साहित्य १३ खंडांत वाचकांपुढे आले.

जे पेशवे दप्तर राजवाड्यांना बंद राहिले, ते त्यांच्या मृत्यूनंतर चारच वर्षांनी प्रकाशात येऊ लागले. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० नंतर त्यातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले. तोपर्यंत असे कागद कसे वाचायचे, कसे तपासायचे आणि का छापायचे, हे राजवाड्यांच्या २२ खंडांनी महाराष्ट्राला शिकवले होते.

आजही खेड्यापाड्यांतील जुन्या वाड्यांत मोडी कागदांचे रुमाल पडून आहेत. वाडे पाडून इमारती उभ्या राहतात तेव्हा त्यांतील किती कागद अभ्यासकांपर्यंत पोहोचतात आणि किती रद्दीत जातात, याचा हिशेब कोणाकडेच नाही. मोडी वाचणारे हातही मोजकेच उरले आहेत. पुण्यातील आणि धुळ्यातील संग्रहांत न वाचलेल्या कागदांचे ढीग आहेत, आणि त्यांची सूची करणे हेच पिढ्यान्‌पिढ्या पुरेल एवढे काम आहे. राजवाड्यांची मते काळाच्या ओघात मागे पडली आहेत, त्यांतील काही सोडूनही दिली पाहिजेत. त्यांनी सुरू केलेले काम मात्र अपुरेच आहे. वर्षअखेरीच्या जल्लोषात ३१ डिसेंबरला त्यांची आठवण फार थोड्यांना होते. घरातील माळ्यावरचे एखादे जुने गाठोडे या दिवशी सोडून पाहिले आणि जाणकाराला दाखवले, तरी इतिहासाचार्यांचे स्मरण योग्य रीतीने घडले असे म्हणता येईल.